वावभर तंगूस

धाकटा पन्नाशीला आला तरी गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत. म्हणणारच! थोरली समोर बसलेली असताना माणूस मोठा होतो कुठे? रस्त्याच्या या बाजूला त्याचं सलून, त्या बाजूला ताईचं शिवणाचं दुकान, आणि मधल्या रस्त्यावरून दिवसभर दोघांचे हातवारे. चहा घेतोस का, जेवलीस का, ते निळ्या शर्टाचं गिऱ्हाईक तुझ्याकडे आलंय का, सगळं हातांनी. कारण ताईला ऐकू येत नव्हतं. लहानपणी तापात कान गेले ते गेलेच. बोलायची मात्र खणखणीत, जरा जास्तच खणखणीत, आणि ओठ असे वाचायची की तिच्यासमोर पुटपुटायचीही सोय नव्हती.

तिची अडचण एकच. शिलाई मशीन उजेडासाठी खिडकीशी लावलेलं, त्यामुळे पाठ दाराकडे. गिऱ्हाईक दारात उभं राहून घसा कोरडा करायचं आणि ही बाई आपली पडद्याला दुमड घालत बसलेली. काही जण तसेच परत फिरायचे आणि बाहेर सांगायचे, शिंपीणबाईंना फार गर्व झालाय. गर्व कसला डोंबलाचा! तिला बिचारीला पत्ताच नसायचा.

मग घंटी आली. कुणाचं तरी टाकून दिलेलं कुत्रीचं पिल्लू. रंग धड काळा नाही, धड तपकिरी नाही, एक कान उभा तर एक पडलेला. तिला कुणी काही शिकवलं नाही, तिचं तीच शिकली. दारात पाऊल वाजलं की उठायचं, मशीनखाली शिरायचं आणि पायडलवरच्या ताईच्या पावलावर हनुवटी टेकायची. पायडल थांबायचं, ताई वळायची, "या, बसा." तेव्हापासून तिचं नाव घंटी. हनुवटी गिऱ्हाइकासाठी बरं का. धाकटा आला तर सरळ ताईच्या कपड्याचं टोक दातांत धरून ओढायचं आणि शेपटीने कापडाचे गठ्ठे पाडायचे. "आला वाटतं आमचा दिवटा," ताई मागे न बघताच म्हणायची.

तर या दिवट्याला वेड होतं गळाचं. सलूनच्या सुट्टीला तो गिरणीमागच्या तळ्यावर जाऊन बसायचा. मासे मिळायचे बेताचेच, पण थाट बघावा! न्हाव्याचा हात, त्यात वाकडंतिकडं काही चालायचं नाही. नायलॉनचा तो पारदर्शक दोरा असतो, गळवाले त्याला तंगूस म्हणतात, केसाएवढा बारीक पण ओढून तोडायला जावं तर बोट कापेल असा. त्या तंगुसावर धाकटा गळापासून बरोबर एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून होतं तेवढं अंतर मोजायचा आणि तिथे लाल दोऱ्याची गाठ बांधायचा. तळ्याच्या बंधाऱ्याशी पाणी त्याहून जरासंच जास्त खोल होतं. गाठीशी येऊन तरंगतं बूच अडायचं आणि गळ नेमका तळाच्या जरासा वर लोंबत राहायचा. बाकीचे गळवाले अंदाजपंचे टाकायचे, अशी गाठ फक्त याची. लाल दोरा ताईच्या रिळावरचा, कोटाची बटणं लावायचा जाड दोरा. ताई तो द्यायची आणि वर टोमणाही द्यायची, "माझ्या दोऱ्यावर मासे धरतोस, एखादा मला दाखव तरी!"

तंगूस कधी गुंतलं, पाण्यातल्या झुडपात अडकलं, की सोडवत बसायचा कंटाळा. तो गाठीच्या जरा वर कात्री मारायचा, गळासकट सगळ्याची गुंडाळी करायचा आणि बंधाऱ्याच्या दोन दगडांमधल्या फटीत सारायचा. बाकीचे तिथेच भिरकावून जायचे. "लोकांना काही शिस्त आहे का?" तो गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून विचारायचा, आणि वस्तरा गालावर असताना कोण वाद घालणार! "माझं तंगूस कधी कुणाच्या पायात येणार नाही." गळाला लावलेली आमिषाची गोळी, कणकेत कलेजी कुस्करून मळलेली, तशीच त्याच्यावर राहायची. ती काढायचं त्याच्या डोक्यातच यायचं नाही. हाताला वास लागतो ना.

त्या सकाळी मास्तरांची दाढी अर्धी झाली होती आणि समोरून ताई दोन्ही हातांनी बोलवायला लागली. नेहमीचे हातवारे नव्हते ते. धाकटा वस्तरा ठेवून, कात्री एप्रनच्या खिशात तशीच ठेवून रस्ता ओलांडून धावला.

घंटी मशीनखाली बसली होती. मान पुढे काढलेली, तोंडातून लाळेची धार. तोंडाच्या कोपऱ्यातून तंगूस लोंबत होतं, आणि दातांच्या अगदी बाहेर, बोटभर अंतरावर, लाल दोऱ्याची गाठ होती. नीट, सुबक, टोकं बारीक कापलेली.

धाकट्याने ती लगेच ओळखली.

"तळ्यावर फिरायला नेली होती मी, तिथून आली ती अशीच," ताई म्हणाली. तिने घंटीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "बघ ना रे. माशांच्या तोंडातून काढतोस की तू."

धाकट्याने तंगूस दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहिलं. ते ताणलं गेलं, आणि ओढ ओठातून नाही, जिभेतून नाही, पार खोलातून आली. घंटी कळवळली. गाठ दाताशी आहे म्हणजे गळ कुठे आहे, याचा हिशोब त्याला करावाच लागला नाही. ते अंतर त्याने स्वतःचे हात पसरून मोजलेलं होतं. अख्खं वावभर तंगूस त्या मुक्या जिवाच्या पोटात होतं.

आता माणसाच्या डोक्यात आधी काय यावं? डॉक्टर यावा की नाही? त्याच्या डोक्यात आली ती गाठ. ताईने ही गाठ पाहिली, आपला दोरा ओळखला, तर संपलंच! आणि मग, पाठोपाठ, मदतीला धावून आल्यासारखी तळ्यावरची गोष्ट आठवली. माशाने गळ खोल गिळला की गळवाले ओढत बसत नाहीत. तोंडाशी तंगूस कापतात आणि मासा सोडून देतात. गळ पोटात आपोआप गंजतो आणि गळून पडतो, असं प्रत्येक गळवाला दुसऱ्याला छातीठोक सांगतो. सोडलेल्या माशाचं पुढे काय झालं हे विचारायला पाण्यात कोण गेलंय?

ताईला हात दिसू नयेत म्हणून तो खांदा मधे घालून वाकला. खिशातली कात्री काढली आणि दाताला लावून तंगूस कापलं. गाठीसकट तुकडा मुठीत, मूठ खिशात. घंटीने एकदा गिळलं आणि तोंडातलं उरलेलं टोकही आत गेलं.

"काही नाही गं," तो तोंड मोठं करून, स्पष्ट म्हणाला. "छोटासा गळ आहे. गंजून आपोआप पडेल. आम्ही माशांचं असंच करतो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की! मी सांगतोय ना."

ताईने थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या एप्रनच्या खिशाकडे. मग मान हलवली आणि घंटीला जवळ ओढलं. धाकटा सुटलो म्हणत सलूनमध्ये परतला. मास्तरांच्या हनुवटीला त्या दिवशी चांगलंच कापलं.

संध्याकाळी घंटीने दूध हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी ती ओकली, पुन्हा ओकली, मग ओकायलाही काही उरलं नाही. पोट आत घेऊन, पाठीची कमान करून ती मशीनखाली उभी राहायची, कारण बसवत नव्हतं. दारात गिऱ्हाईक आलं की तिचा उभा कान हलायचा. ती एक पाऊल टाकायची आणि थांबायची. धाकट्याला समोरून सगळं दिसत होतं. शाळेचे गणवेश घ्यायला आलेली बाई दारात उभी राहिली, हाका मारून कंटाळली आणि निघून गेली. त्यानंतरचा माणूसही गेला. शेवटी तो स्वतः रस्ता ओलांडून गेला आणि ताईच्या खांद्याला हात लावला. ती एवढी दचकली की सुई बोटात घुसता घुसता राहिली.

"डॉक्टरकडे नेऊ का रे?" तिने विचारलं.

"थांब की जरा. गळ गंजायला वेळ लागतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली, तो अजून काही बोलेल अशी वाट बघितल्यासारखी. धाकट्याने कापडाच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, वेळ मारून नेली आणि काढता पाय घेतला. रात्री त्याने ताट तसंच सारलं. जिवाला नुसती टोचणी लागली होती, पण तोंड काही उघडत नव्हतं.

सकाळी त्याने सवयीने एप्रन चढवला, पण सलून उघडलंच नाही. तळ्यावर गेला. कशाला गेला, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. माणूस अडकला की त्याला काहीही वाटायला लागतं. कदाचित गाठीच्या खालचं तंगूस आधीच कुठेतरी तुटलेलं असेल, कदाचित अर्धं तिथेच फटीत सापडेल, घंटीच्या पोटात वीतभरच गेलं असेल. बंधाऱ्यावरची ती फट त्याला लगेच सापडली. दगडाच्या कडेची माती नखांनी उकरलेली होती. फटीत हात घातला. काही नाही, तंगुसाचा एक तुकडासुद्धा नाही.

पलीकडच्या फटीशी काहीतरी काळं पडलं होतं. जवळ जाऊन बघतो तर पाणकोंबडी, मेलेली. दोन्ही पायांना आणि एका पंखाला तंगुसाचे वेढे पडले होते, आणि त्याचं टोक फटीत, दगडामागे घट्ट अडकलं होतं. आजूबाजूला पिसंच पिसं. किती झटापट केली असेल तिने! पंखाशी लाल गाठ होती. तीही नीट, सुबक.

"अरे देवा," धाकटा मोठ्याने म्हणाला आणि खाली बसला.

कात्रीने तो वेढे कापायला लागला. मेलेल्या पाखराचे वेढे कापून काय मिळणार होतं? पण हात थांबेनात. पायापाशी तंगूस दिसतच नव्हतं, ते कातडीतून आत, हाडापर्यंत गेलं होतं. जेवढी ती ओढत गेली तेवढं ते कापत गेलं. ओढ लागली की तंगूस कापतं, हे धाकट्याला काय आज कळत होतं? इतकी वर्षं त्याच्या बोटांवर तंगुसाच्या खुणा होत्या. आणि पोटातलं आतडं तर सारखं हलत असतं, सारखं ओढत असतं.

तो उठला आणि पळत सुटला.

दुकानात ताईने घंटीला जाड कापडात गुंडाळलं होतं, पायात चपला घातल्या होत्या. ती निघालेलीच होती. धाकटा धापा टाकत म्हणाला, "डॉक्टर. आत्ता." तिने घंटीला त्याच्या हातात दिलं. केवढी हलकी झाली होती ती! तिने त्याच्याकडे बघून शेपटीचं टोक जरासं हलवलं, आणि धाकट्याला वाटलं, हिने चावलं असतं तर बरं झालं असतं.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि घाईत होती. तिने घंटीचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, आत नेऊन फोटो काढला आणि तो उजेडावर धरला. आतड्यांच्या राखाडी सावल्यांत छोटासा वाकडा गळ लख्ख दिसत होता.

"हा बघा, जठरात टोचलाय," ती म्हणाली. "नशीब, फार खाली नाही गेलेला. भूल देऊन तोंडातून नळी घालते, चिमट्याने धरून वर ओढून घेते. पोट फाडायला नको. हिच्यात फार ताकद उरलेली नाही, पोट उघडणं टाळता आलं तर उत्तमच." आणि हात धुता धुता तिने विचारलं, "नुसता गळच आहे ना? मागे दोरा नाही ना?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं.

"दोरा फोटोत दिसत नाही," डॉक्टरीणबाई सांगत होती. "म्हणून विचारते. मागचा दोरा आतड्यात उतरला असेल आणि मी वरून गळ ओढला, तर तो दोरा आतून आतडं चिरत येईल. मग काही करता येणार नाही. दोरा होता का? कुणी बघितला होता?"

ताई टेबलाच्या पलीकडे उभी होती, घंटीच्या कानामागे बोटं फिरवत. ती डॉक्टरकडे बघत नव्हती. ती धाकट्याच्या ओठांकडे बघत होती.

खोटं बोलायला एक 'नाही' पुरत होतं. खरं तर गप्प राहिलं तरी पुरत होतं. डॉक्टरीणबाईने हातमोजे चढवायला घेतले होते. धाकट्याने खिशात हात घातला. तो तुकडा अजून तिथेच होता. फेकायचासुद्धा धीर झाला नव्हता त्याला. त्याने तो टेबलावर ठेवला. पांढऱ्या पत्र्यावर लाल गाठ ठसठशीत दिसली.

"दोरा आहे," तो म्हणाला. तोंड मोठं उघडून, स्पष्ट म्हणाला, कारण ते डॉक्टरला जेवढं सांगायचं होतं तेवढंच ताईलाही सांगायचं होतं. "तंगूस आहे. या गाठीपासून गळापर्यंत वावभर. एवढं." त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. "माझंच आहे. मीच बंधाऱ्यात टाकलं होतं. तोंडाबाहेर लोंबत होतं ते मीच कापलं."

"कापलं?" डॉक्टरीणबाईचा आवाज चढला. "अहो, लोंबत होतं तसंच राहू द्यायचं ना! तेव्हाच आणलं असतंत तर त्याच दोऱ्याच्या आधाराने नळी खाली गेली असती आणि गळ अलगद निघाला असता. ओढायचं नाही, कापायचं नाही, सरळ घेऊन यायचं. कुणी सांगितलं तुम्हाला कापायला?"

तळ्यावरच्या लोकांची नावं घेऊन काय होणार होतं?

"आता पोट उघडावंच लागेल," ती म्हणाली. "आतडं कुठे कुठे कापलंय ते उघडल्यावरच कळेल. वाचेल असं मी आत्ता म्हणत नाही." आणि घंटीला घेऊन ती आत गेली.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. समोर कुणाची तरी मांजर टोपलीतून ओरडत होती, ती ताईला ऐकू येत नव्हती, धाकट्याला असह्य होत होती. बऱ्याच वेळाने त्याने ताईच्या हाताला हात लावला, तिने बघावं म्हणून. "ताई, मला..."

"मी आधीच बघितली होती," ताई म्हणाली. नेहमीच्याच खणखणीत आवाजात. मांजरवाली बाई वळून बघायला लागली. "गाठ. तुला बोलवायच्या आधीच. माझा दोरा मला ओळखू येणार नाही होय रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. तू कात्री काढलीस तेव्हा थांबले. खिशात हात घातलास तेव्हा थांबले. मला कान नाहीत, डोळे आहेत."

"मग माझं ऐकलंस कशाला? तेव्हाच आणायचं होतंस इकडे!"

ताईचा आवाज आता पहिल्यांदा कापला. "तूच म्हणालास ना, गंजून पडेल. मला वाटलं, गळ त्याचा, त्याला ठाऊक असणार. लाज वाटली म्हणून लपवतोय, लपवू दे. पण घंटीच्या जिवाशी खोटं नाही बोलणार." तिने डोळे पुसले. "मीही मूर्खच. वाट बघत बसले."

धाकटा ढसाढसा रडला. त्या बाकावर, परक्या माणसांसमोर, एवढा बाप्या माणूस. ताईने त्याला गप्प केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. तिचा हात तिच्या मांडीवर होता, तो तिथेच राहिला.

घंटी वाचली. आतड्याचा तुकडा काढावा लागला, टाके पडले, पण वाचली. पोटावरचे केस परत यायला वेळ लागला. डॉक्टरीणबाईने तंगूस एका बाटलीत घालून दिलं होतं, ते ताईने घेतलं नाही, म्हणून धाकट्याने घेतलं.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तो तळ्यावर जायचा तो काठी न घेता. एक पोतं आणि लोखंडी आकडा घेऊन बंधाऱ्याची एकेक फट उकरायचा. स्वतःची लाल गाठीची तंगुसं निघाली, इतरांची निघाली, गळ, शिशाच्या गोळ्या, बुचं. गळवाले हसायचे, "काय धाकटेशेठ, सफाई खात्यात लागलात का?" तो चिडायचा, मग बोलायचा, मग पाणकोंबडीचं सांगायचा. काही जण ऐकायचे, काही जण काठी उचलून पलीकडे जाऊन बसायचे.

एका सकाळी ते भरलेलं पोतं खांद्यावर घेऊन तो ताईच्या दुकानात गेला. दाखवायला. शाळेतून बक्षीस आणलेल्या पोराला दाखवायचं असतं, तसं त्याला ते तिला दाखवायचं होतं. ताई मशीनवर होती, पाठ दाराकडे, पायडल जोरात चाललेलं. घंटी मशीनशेजारी पडली होती. त्याचं पाऊल वाजताच तिचा उभा कान हलला. तिने मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. धाकटा तिच्याकडे बघून हसला, हात पुढे केला.

घंटी उठली. पोट जमिनीला घासत मशीनच्या मागच्या बाजूला, भिंतीशी जाऊन बसली, आणि तिथून त्याच्या हाताकडे बघत राहिली.

धाकटा दारातच उभा राहिला. आत जाऊन ताईच्या खांद्याला हात लावता आला असता. लावला नाही. मशीनची खडखड चालू राहिली, ताईने एक शिवण संपवली, दुसरी घेतली.

मग त्याच्या मागून कुणीतरी बाई पिशवी घेऊन आली. घंटी लगेच पुढे आली, मशीनखाली शिरली आणि ताईच्या पावलावर हनुवटी टेकली. पायडल थांबलं. ताई वळली. "या, बसा," ती बाईला म्हणाली. मग तिला धाकटा दिसला, खांद्यावर पोतं घेतलेला.

"तू कधी आलास?"

आत्ताच, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ताई त्याच्या ओठांकडेच बघत होती.

"बराच वेळ झाला," धाकटा म्हणाला.

ताईने खाली घंटीकडे पाहिलं. मग बाईच्या हातातली पिशवी घेतली आणि आतलं कापड बाहेर काढता काढता म्हणाली, "हिने सांगितलं नाही मला."